आटपाडीचा शनिवार : बाजाराचं गाव कशावर उभं असतं?

शुक्रओढा

गेल्या शनिवारी बऱ्याच महिन्यांनी आटपाडीच्या बाजारात उजाडतानाच पोचलो. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथं या मंचावर धागा काढून लिहितो. माणदेशातली मंडळी इथं बरीच आहेत, त्यांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांगली जिल्ह्याचं ईशान्य टोक म्हणजे आटपाडी तालुका. एका अंगाला साताऱ्याचा माण, दुसऱ्या अंगाला सोलापूरचा सांगोला. सह्याद्रीवर ढग मोकळे होऊन येतात, आमच्या वाट्याला त्यांची सावली तेवढी. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत, आणि त्यातलाही बराचसा परतीचा. मृगाला कोरडं आणि हस्ताला धो धो, असंही वर्ष येतं. मे महिन्यात दुपारी बारा ते चार गल्लीत माणूस दिसत नाही. तरी आजूबाजूच्या गावांची नाळ याच गावाशी बांधलेली. दिघंची, खरसुंडी, करगणी, झरे, निंबवडे, कुठूनही माणूस शनिवारी इथंच येणार.

आमचं दुकान दोरखंडाचं, आजोबांपासूनचं. कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा, धनगरांच्या वाघरी, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायच्या जाळ्या. आधी घायपाताची दोरी होती, आता नायलॉन. वडील अजून हातानंच मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि शेवटी चार बोटं जास्त सोडतात.

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर लक्ष्मी जाते म्हणतात. सौदा झाला की विकणारा गळ्यातलं दावं सोडून घेतो, खांद्यावर टाकतो आणि घरी नेतो. मग घेणाऱ्याला नवं दावं लागतं, ते तो आमच्याकडून घेतो. म्हणजे बाजारात जितकी जनावरं हलली तितकी आमची दावी खपली. २०१२-१३ च्या दुष्काळात मी कॉलेजात होतो. दर शनिवारी दुपारपर्यंत दाव्यांचे जुडगे संपायचे आणि वडील डबा न उघडता परत आणायचे. एकदा मी म्हणालो, आज धंदा बरा झाला. ते म्हणाले, "बरा कसला, गोठं मोकळं झालं."

तर माझं म्हणणं असं. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, डाळिंब वाढलं, ऊस दिसायला लागला, सगळं मान्य. पण या गावाला अजून शनिवारच चालवतो, आणि शनिवार चालतो तो शेळ्यामेंढ्यांवर. पाणी जसं पुढं सरकतंय तसा चराऊ माळ मागं हटतोय. माळ संपला तर बाजाराचं काय, याचा विचार मला कुठंच दिसत नाही.

भिवघाट_नाका

धागा काढल्याबद्दल आभार. एक गोष्ट राहिली, ती एसटीची.

आटपाडीला डेपो आहे हे किती मोठं आहे ते बाहेरच्याला कळत नाही. रात्रीची मुक्कामी गाडी गावात झोपते आणि पहाटे तीच गाडी दूध, पोरं, आजारी माणसं, कोर्टाच्या तारखेची माणसं घेऊन तालुक्याला येते. माणूस एका कामासाठी म्हणून कधी येत नाही. तहसीलला दाखला, येताना आईची बीपीची गोळी, मोटारीचं बेअरिंग, वहिनीला ब्लाऊजपीस, आणि गाडीला वेळ असेल तर स्टँडसमोर भजी. गाव चालतं ते या गाडीला असलेल्या वेळेवर.

२०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा मी स्टँडजवळच्या दुकानात हिशेब लिहायला होतो. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपगाड्या चालू होत्या, बाजारही भरत होता, पण म्हातारी माणसं आणि पोरी गायब झाल्या. चप्पल शिवणारे काका दिवसभर रिकामे बसून असायचे. तेव्हा मला कळलं की आपल्या गावाचं अर्धं गिऱ्हाईक अर्ध्या तिकिटावर येतं.

मूस

मी सध्या त्रिशूरला असतो. गलाईचा व्यवसाय, वडिलांपासून. केरळात सोन्याचं काम मोठं, म्हणून आमची बरीच मंडळी इकडं स्थिरावली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : सराफाच्या दुकानातलं जुनं सोनं, चांदी, झाडलोटीतली माती, पॉलिशचं पाणी, यातून शुद्ध धातू काढायचा, याला गलाई म्हणतात. मुशीत घालायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाबात (ॲसिडमध्ये) घालून हीण वेगळं करायचं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं शेती पिकेना म्हणून या कामात पडली आणि देशभर पसरली. गावाकडं कोरडवाहू चार एकर असलेला माणूस कुठल्या कुठल्या शहरातल्या सराफ गल्लीत, दहा बाय दहाच्या खोलीत, भट्टीच्या धगीपुढं बसलेला सापडेल. तेजाबाच्या वाफेनं वडिलांची छाती खराब झाली. ते कधी बोलले नाहीत, पण शेवटची काही वर्षं उशाला दोन उशा घेऊन बसूनच झोपायचे.

आटपाडीत नवीन बंगले दिसतात, त्यातल्या कितीकांचा पाया या धगीवर घातलेला आहे. म्हणून शुक्रओढा, तुमच्या शनिवारात आमचीही भर धरा. आम्ही पैसे पाठवतो, ते सिमेंटच्या दुकानात जातात, फर्निचरवाल्याकडं जातात, लग्नाच्या कापडात जातात. आणि कार्तिकातल्या उत्तरेश्वराच्या यात्रेला आम्ही येतो म्हणजे येतो. यात्रेत मेंढ्यांचा बाजार भरतो तेव्हा माडग्याळी नर बघायला माझा मुलगा गर्दीतून पुढं घुसतो. पोपटासारखं बाकदार नाक, अंगावर तांबूस ठिपके, आणि उंची वासराएवढी. जन्मला केरळात, मल्याळम घडाघडा बोलतो, पण मेंढीची पारख करायला शिकलाय.

वाघर

लिव्हायची सवय न्हाय, चुकलं तर संभाळून घ्या.

आमी धनगर. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हंजी कळप न बिऱ्हाड, हालतो. बकरी घिऊन खाली किस्नाकाटाला जायचं. (आमच्यात मेंढरालाच बकरी म्हंत्यात.) घोड्यावर बिऱ्हाड, करडं-कोकरं, कोंबड्या, ल्हान पोरं. तिकडं ऊसवाल्याच्या रानात बकरी बसवायची, रातीला वाघर लावायची, लेंडी-मुताचं खत हुतं, त्याचं धान्य न्हायतर पैसं मिळत्यात. पावसाळा तोंडावर आला की माघारी. माझं शिक्षाण असंच झालं, सहा म्हैनं हितं न सहा म्हैनं कुठंच न्हाय.

शुक्रओढा म्हंत्यात त्ये खरं हाय. धा वर्सामागं आमच्या वस्तीपस्नं तलावापतूर बकरी न्ह्यायला वाट हुती. आता दोनी अंगाला तारंचं कुंपान. डाळिंबात बकरू शिरलं तर मालक दगूड घिऊन येतोय, त्येचंबी बरुबर हाय, लाखाचा माल आसतोय त्यो. पर मंग आमी जायाचं कुठनं? आमच्या भावकीत दोघांनी बकरी मोडली. एक जेसीबीवर हाय, दुसरा पुन्याला वाचमन. बकरी मोडायची म्हंजी एका शनवारी सगळा कळप बाजारात उभा करायचा. चुलता त्या दिवशी बाजारात आलाच न्हाय, पोराला धाडला.

बाजारात लोकं दात बघत्यात. आदत (दुधाच्या दाताचं) हाय का दुसा (दोन दाती) झालाय, का चौसा (चार दाती). आमी दात बघत न्हाय. आमाला आई म्हाईत आसती.

हंडा_कळशी

सगळे प्रतिसाद वाचले. मनापासून लिहिलेत, म्हणूनच मीही मनापासून लिहिते. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

माळ, कळप, घुंगरमाळा हे सगळं मलाही आवडतं. पण त्या माळावर मी पाणी आणलंय. आमची वस्ती गावापासून लांब. टँकर मुख्य रस्त्यावर यायचा, तोही येईल तेव्हा. मी आठवीत असताना आईला कंबरेचं दुखणं लागलं आणि कळशीच्या जागी माझ्या डोक्यावर हंडा आला. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी तीन. टँकरची पाळी शाळेच्या वेळेत आली की शाळा बुडायची. माझ्या वर्गातल्या चार मुलींनी दहावीआधी शाळा सोडली, त्यात दोघींची लग्नंच झाली. पाणी भरणाऱ्या मुलीला सासरही पाणी भरण्यासाठीच शोधतात.

आता वस्तीवर नळ आहे. भावाच्या शेतात ठिबक आहे. माझी भाची आठवीत आहे, आणि तिच्या डोक्याच्या मधोमध केस विरळ झालेले नाहीत. माझे झालेले आहेत, चुंबळ ठेवायची तिथं.

म्हणून "पाणी आल्यानं काय गेलं" हा हिशेब मांडताना आधी काय आलं ते पहिल्या ओळीत लिहा, एवढीच विनंती.

शुक्रओढा

@हंडा_कळशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी मूळ लेखात पाण्याबद्दल "मान्य" असा एक शब्द टाकून पुढं गेलो. दुकानात बसून गाव बघणाऱ्याची नजर आहे ती माझी, आमच्या घरात आड होता. चूक कबूल करतो.

औंधकर

हंडा_कळशी यांच्या मुद्द्याला धरून थोडा इतिहास. पाणी आपोआप आलेलं नाही.

आटपाडी औंध संस्थानात होतं. राजा भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या विचारानं आपला कारभार प्रजेच्या हाती दिला, गावपंचायतीपासून वरपर्यंत. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना : शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता बायकामुलांसह शेतावर राहू द्यायचं. ती खुली वसाहत आजही आहे. इतक्या कोरड्या मुलखात माणसावर विश्वास टाकण्याचा एवढा मोठा प्रयोग झाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढं १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं दुष्काळी १३ तालुक्यांची पाणी चळवळ उभी राहिली आणि तिच्या परिषदा आटपाडीत भरू लागल्या. मागणी नुसती "पाणी द्या" एवढीच नव्हती. समान वाटप हवं होतं, ज्याची जमीन कमी त्यालाही पाणी मिळालं पाहिजे. टेंभू योजना १९९६ ला मंजूर झाली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून पाच टप्प्यांत वर चढवायचं आणि ८०,४७२ हेक्टरांवर न्यायचं. मंजुरीपासून आमच्या शिवारात पाट दिसेपर्यंत एक पिढी म्हातारी झाली. मोर्चाला भाकरी बांधून जाणारी माझी आजी पाणी बघायला राहिली नाही.

रिवाइंडिंग

माझं स्टँडच्या मागं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी गावाची नाडी दुसऱ्याच ठिकाणी बघतो.

फेब्रुवारी उजाडला की बोअरचं पाणी खाली जायला लागतं. शेतकरी पाइप जोडून मोटार आणखी खाली सोडतो. दाब वाढतो, रात्रीची लाइट, त्यात व्होल्टेज कमी, आणि मोटार कोरडी चालली की जळते. पहाटे शटर उघडायच्या आत दारात तीन-चार मोटारी पडलेल्या असतात आणि शेजारी मालक उकिडवा बसलेला असतो. जळालेल्या तांब्याचा आणि वार्निशचा एक वास असतो, तो नाकात बसला की मला आकडा न बघता कळतं की यंदा उन्हाळा कडक आहे.

एक मोटार खोलायची, जळालेली वेटोळी छिन्नीनं तोडून काढायची, स्लॉट साफ करायचे, नवीन कॉइल भरायची, बांधायची, वार्निश, सुकवणं. घाई केली तर परत जळते. पण शेतकरी म्हणतो आजच पाहिजे, बाग आंबे बहारात आहे, कळी गळंल. तो बाहेर बसतो, मी आत बसतो. रात्रीच्या अकराला मोटार देताना पैसे मागायची हिंमत होत नाही. तो म्हणतो, माल विकून पट्टी झाली की देतो. मी वहीत लिहितो. माझ्या वहीत दरवर्षी जुलै-ऑगस्टपर्यंत नुसती नावंच असतात.

पण टेंभूच्या पाण्याचं आवर्तन (पाळी) आलं की तलाव भरतो, आसपासच्या विहिरींना पाझर फुटतो आणि माझं काम एकदम कमी होतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझी स्वतःची अडीच एकर बाग त्याच पाण्यावर आहे.

अंबेबहार

रिवाइंडिंग दादांनी वहीचं काढलं म्हणून लिहितो. डाळिंबवाल्याचं सगळं वर्ष वहीवर चालतं आणि ही वही आटपाडीतल्या कुठल्या ना कुठल्या दुकानात असते.

बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी, खत, मग पहिलं पाणी. तिथून फळ तोडणीला यायला सहा महिने लागतात. तोवर औषधं उधार, ठिबकचं सामान उधार, मजुरांचे मात्र रोख. दुकानदार देतो, कारण त्याला आमचा बाप माहीत आहे. बँकेत सातबारा, आठ-अ, नकाशा, जामीनदार, सगळं लागतं. दुकानात "कुणाचा रं तू?" एवढंच विचारतात.

आणि मग तेल्या रोग येतो. भगव्याला (डाळिंबाची जात) रंग चढत असताना चार दिवस ढगाळ हवा आणि झिमझिम पाऊस झाला की पानावर तेलकट ठिपका, मग फळावर, मग फळ तडकतं. हा जिवाणूंचा रोग, एकदा बागेत शिरला की पूर्ण जात नाही. मर रोगात उभं झाड पिवळं पडून वाळतं. २०२१-२२ च्या सुमाराला खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या किडीनं सांगोला-आटपाडी पट्ट्यातल्या बागाच्या बागा उपटायला लागल्या. माझी ४०० झाडं मी स्वतः जेसीबी लावून काढली. त्या वर्षी ज्या दुकानदाराकडं माझी उधारी होती त्यानं दोन वर्षं शब्द काढला नाही. उलट नवीन लागणीला कलमं आणायला गाडी दिली.

पाण्याचं म्हणाल तर तेही फुकट नाही. उपसा योजनेच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी, असं धोरण ठरलं तेव्हा कुठं पंप नियमित चालायला लागले. पाणीपट्टी भरली पाहिजे, मी भरतो.

आता वाघर यांच्याशी बोलतो. दादा, तुमच्या बकऱ्यांवर दगड उचलणाऱ्यांत मीही आहे, खोटं कशाला बोलू. पण माझ्या प्रत्येक झाडाच्या बुडात दरवर्षी लेंडीखत जातं. त्याच्याइतकं जमिनीला मऊपण आणणारं मला दुसरं काही मिळालेलं नाही, आणि दरवर्षी त्याच्या ट्रॉलीचा भाव वाढतोय, कारण वाडे कमी होतायत. तुमचा कळप मोडला की माझी बाग उपाशी राहते, हे मी आज पहिल्यांदा असं समोरासमोर लिहितोय. कुंपणाबाहेर माझं पाच एकर पड रान आहे, ओढ्याकडंचं. बाग विश्रांतीत असते तेव्हा तिथं वाडा बसवा. खत मला, धान्य आणि पाणी तुम्हाला. खाली किस्नाकाटाला जायचं तर माझ्या बांधावरनं वाट घ्या, मी गेट ठेवतो.

वाघर

कुठल्या शिवारात हाय तुमचं रान? धाकल्या भावाला इचारून सांगतो. २०० बकरी हाईत. पाणी मातूर दोन टायमाला लागंल.

अंबेबहार

करगणी रस्त्याला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पाण्याचा हौद आहे, दोन टायमाला भरून ठेवतो.

भिवघाट_नाका

हे वाचून बरं वाटलं. शुक्रओढा, तुमच्या दुकानात आता काय जास्त खपतं? दावी की दुसरं काही?

शुक्रओढा

सुतळी. डाळिंबाच्या फांद्या फळांच्या भारानं मोडतात, त्या बांधायला. शिवाय उन्हानं फळ भाजू नये म्हणून झाडावर टाकायचं पांढरं कापड. दावी आता दुकानाच्या आतल्या खुंटीला असतात, पूर्वी दारात लोंबायची. वडील मात्र बसतात तिथंच, दावी मोजायच्या जागेवर.

हंडा_कळशी

दाव्याचं वाचल्यापासून एक गोष्ट सांगायची होती.

२०१३ ला आमची शेवटची गाय विकली. चारा छावणी लांब होती, तिथं जनावरापाशी मुक्कामाला राहायला घरात पुरुषमाणूस नव्हता. आई स्वतः घेऊन गेली शनिवारी. संध्याकाळी एसटीतून उतरली तेव्हा तिच्या पिशवीत बाजार काहीच नव्हता, फक्त दावं होतं. ते तिनं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. गोठ्यात पुढं जळण ठेवायला लागलो, पण त्या खुंटीवर कुणाला काही टांगू द्यायची नाही. मध्येच कधी तरी काढायची, उन्हात टाकायची, परत अडकवायची.

पाणी आल्यावर भावानं मका केला, घास केला, आणि एका शनिवारी आम्ही तिघं गाय घ्यायला गेलो. विकणाऱ्या आजोबांनी आपलं दावं सोडून घेतलं. भाऊ म्हणाला, थांबा, दोरखंडवाल्याकडनं नवं आणतो. आईनं पिशवीत हात घातला. दावं ती घरनंच घेऊन आली होती.

शुक्रओढा, त्या दिवशी तुमच्या दुकानातलं एक दावं आमच्यामुळं खपलं नाही. वडिलांना सांगा.